आमची वाटचाल : गार्डचा दर कुठून येतो

रत्नागिरीत आमची सिक्युरिटी एजन्सी सुरू झाली ती आंब्याच्या गोदामांवर. मार्च ते मे पेट्यांच्या थप्प्या लागतात, रात्री-अपरात्री ट्रक भरतात आणि मालकाचा जीव तिथेच अडकलेला असतो. बागेत नेपाळी राखणदार पूर्वीही होते, आजही आहेत. गोदामाच्या गेटवर मात्र गाडीचा नंबर लिहिणारा, चलन बघून पेट्या मोजून सोडणारा माणूस हवा होता. तिथे आम्हाला पहिलं काम मिळालं. मग मिरजोळे एमआयडीसीतले कारखाने आले, बर्फाची फॅक्टरी आली, गणपतीपुळ्याची हॉटेलं आली, खाली सिंधुदुर्गात काजूचा कारखाना आला. काजूत कामगार बहुतेक बायकाच. सुटताना तपासणीला गेटवर बाईच हवी, म्हणून तिथपासून आम्ही महिला गार्ड घ्यायला लागलो.

परवाना सुरुवातीलाच काढला. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली एका जिल्ह्यापुरता परवाना 5,000 रुपयांत होतो, पाच जिल्ह्यांपर्यंत 10,000 आणि अख्ख्या राज्यासाठी 25,000. शुल्क फार नाही. खरा खर्च माणूस उभा करण्याचा आहे. पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, गणवेश. केंद्राच्या नमुना नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण धरलेलं आहे. माजी सैनिकांना त्यात सवलत मिळते.

पण कुठल्याही ऑफिसात बसलो की पहिला प्रश्न एकच : ‘भाऊ, एका वॉचमनचे महिन्याला किती?’ पूर्वी आम्ही आकडा सांगायचो, समोरचे घासाघीस करायचे आणि जमलं तर जमलं. आता आम्ही कागद पुढे करतो आणि त्यांच्यासमोर बेरीज करतो. ती इथेही करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते आहेत; किमान वेतन परिमंडळानुसार वेगळं असतं आणि विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो.

समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 14,000 झाले. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून 13 टक्के, म्हणजे 1,820. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, 3.25 टक्के, 455. बोनस 8.33 टक्के, 1,166. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, 673. झाले 18,114. आता हा माणूस आठवड्यातून एक दिवस सुट्टीवर असणार आणि गेट तर बंद ठेवता येत नाही. त्या दिवशीच्या रिलिव्हरसाठी, म्हणजे बदली माणसासाठी, सहावा हिस्सा, 3,019. एकूण 21,133. गणवेश, रजेची भर, सुपरवायझरच्या रात्रीच्या फेऱ्या आणि आमचं सेवाशुल्क धरून दर 24,000 च्या आसपास जातो. वर 18 टक्के जीएसटी, 4,320. आमच्यासारख्या प्रोप्रायटरी (एका मालकाच्या, कंपनी नसलेल्या) एजन्सीकडून जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्याने सेवा घेतली, तर 1 जानेवारी 2019 पासून हा कर कारखानाच रिव्हर्स चार्जने भरतो. बिलात तो दिसला नाही म्हणून वाचला असं नसतं. नियमात बसत असेल तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट, मात्र मिळते. सोसायटीला किंवा बागायतदाराला सहसा ते मिळत नाही, म्हणून त्यांनी दर बघताना कर धरूनच बघावा.

हा झाला आठ तासांच्या एका ड्युटीचा दर. चोवीस तासांचा पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची एक जागा, तीन ड्युट्यांची, 72,000, कर वेगळा. इथे मालक हमखास म्हणतात, ‘दोनच माणसं द्या, बारा-बारा तास.’ स्वस्त वाटतं खरं. पण आठ तासांवरच्या चार तासांना कायद्याने दुप्पट मजुरी, म्हणजे बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला सोळा तासांचे पैसे. दोघांचे मिळून बत्तीस तासांचे, तिघांचे चोवीस तासांचे. नियमाने दिलं तर दोन माणसं तिघांपेक्षा महाग पडतात. मग बाजारात चोवीस तासांचा पॉइंट 30,000 ला कसा मिळतो? ओव्हरटाइम नाही, सुट्टी नाही, निधी नाही. एजन्सीचा हिस्सा गेल्यावर बारा-तेरा हजारांवर महिनाभर, रोज बारा तास. तो माणूस पहाटे तीनला झोपणारच, आणि मला त्याचा राग येत नाही. त्याने तक्रार केली तर थकलेल्या पगाराची आणि निधीची जबाबदारी मूळ मालकापर्यंत, म्हणजे एजन्सीला काम देणाऱ्यापर्यंत, येते, हे फार कमी जण लक्षात घेतात. म्हणून आम्ही बिलासोबत निधीचं आणि ईएसआयचं नावनिशीवार चलन आणि बँकेतून झालेल्या पगाराची यादी जोडतो. दुसऱ्या कुणाला काम दिलंत तरी एवढे कागद मागाच.

या दरावरून आमची कामं गेली. एका कारखान्याने आमच्याहून बऱ्याच कमी दराची एजन्सी घेतली, आमचे जुने गार्ड तिथेच कमी पगारावर राहिले. त्यातले काही पुढे परत आले. वाईट वाटलं ते त्यांच्या मधल्या महिन्यांचं.

कोकणातला खर्च घाटावरच्या कोष्टकात बसत नाही. पावसात एक गणवेश वाळत नाही, दोन द्यावेच लागतात. रेनकोट, चांगला टॉर्च आणि गमबूट हे आमच्याकडे गणवेशाचाच भाग आहेत. कंपाउंडच्या कडेने गवत वाढलं की फुरसं असतं, हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही आणि रात्रीचा राउंड चुकवता येत नाही. ‘गमबूट कशाला लावलेत बिलात?’ असं विचारणाऱ्या एका मॅनेजरना मी रात्री नऊला मागच्या भिंतीपर्यंत चालत नेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आंब्याच्या हंगामात बागेत मजुरी वाढते आणि तरुण पोरं तिकडे ओढली जातात, तेव्हा माणूस टिकवायला हजेरी भत्ता द्यावा लागतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्यानंतर तर आम्ही नदीकाठच्या पॉइंटवर रजिस्टर, पॉवर बँक आणि जॅकेट वरच्या मजल्यावर ठेवण्याची सोय करारातच लिहून घेतो.

आणि गणपती. कोकणातल्या माणसाला चतुर्थीला घरी जाऊ नको म्हणणं मला जमत नाही, जमू नये. शिमग्यातही पालखी घरी येते तेव्हा तेच. ही रजा आम्ही गृहीतच धरतो. जुलैतच यादी करतो : कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा गौरी-गणपती. त्या दिवसांसाठी कोल्हापूरकडून रिलिव्हर आणतो. त्यांचं एसटीभाडं, राहणं, जेवण हे सगळं दरात आधीच धरलेलं असतं आणि कोष्टकात त्याची वेगळी ओळ असते. नव्या ग्राहकाला त्या ओळीपाशी आम्ही मुद्दाम थांबवतो. बहुतेक मालक इथलेच असतात. ते ती ओळ खोडत नाहीत.