अंगठा म्हणजे ऑर्डर पक्की

गुरुवार, रात्री उशिरा

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या मामांच्या दुकानाला आता ऑर्डर ‘हो, पाठवा’ अशी येतच नाही. अंगठा येतो. मामा व्हॉट्सअॅपवर चादरीचा फोटो, भाव आणि नग टाकतात. समोरून कुणी अंगठा, कुणी जोडलेले हात, कुणी लाल बदाम धाडतं. महिनाअखेरीला मामा चष्मा कपाळावर चढवून बोटानं सगळं वर सरकवत कुणाची ऑर्डर पक्की ते शोधत बसतात. म्हणून ती चॅट एक्सपोर्ट करून घेतली आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ‘इमोजी’ नावाचीच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बसवली.

आधी मुद्दाम लायब्ररीशिवाय मोजून बघितलं, एकेक अक्षर सुटं करून. यादीत अंगठ्याखाली एक नुसता तपकिरी चौकोन निघाला. तो कुणीच पाठवला नव्हता. युनिकोडनं, म्हणजे जगभरच्या अक्षरांना आणि इमोजींना क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, 2015 साली कातडीचे पाच रंग आणले, ती स्वतंत्र चिन्हं आहेत आणि अंगठ्याच्या पाठीला चिकटून येतात. डोळ्याला अंगठा एक, पायथनच्या लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ फंक्शनला दोन. तिरंग्यात ‘आय’ आणि ‘एन’ ही दोन खास चिन्हं असतात. शेतकरी बाई तर तीन तुकड्यांची: बाई, न दिसणारा जोड आणि भाताची पेंढी. आपल्याला खरं तर याचं नवल वाटायला नको. ‘क्षि’ लिहिलं तरी पायथन चारच मोजतं.

लायब्ररी मात्र डोळ्याला दिसतं तसं मोजते. ‘इमोजी लिस्ट’ला वाक्य दिलं की चिन्ह कोणतं, कुठं सुरू झालं, कुठं संपलं, हे तिन्ही हातात. ‘डीमोजाइज’ चिन्हाच्या जागी कोलनमध्ये त्याचं इंग्रजी नाव टाकतं. मग ‘थम्ब्स अप’नं सुरू होणारी नावं गोळा केली की गोरा, सावळा, पिवळा, सगळे अंगठे एका ढिगात येतात. बदामाचंही तसंच. काही फोन त्यामागे एक अदृश्य खूण लावतात, काही लावत नाहीत. लायब्ररी दोन्हींना लाल बदामच म्हणते. इथं माझा अर्धा दिवस वाचला.

एवढ्यात मामा मागं येऊन उभे राहिले. “काय शोधालास रे त्यात? आपली चादर आहे का बघ.”

नावावरून शोधायचं छोटं फंक्शन लिहिलं होतंच. चादर नाही. टॉवेल नाही. डाळिंबही नाही, म्हणजे सोलापूरची निम्मी ओळख गेलीच. दोऱ्याचं रीळ 2018 मध्ये आलं. साडी, रिक्षा, पणती आणि देऊळ ही चारही 2019 ची. शेंगा मात्र 2016 पासून आहेत. “चटणी आपण कुटू,” मामा म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. या लायब्ररीत मराठी नावं नाहीत. युनिकोडच्याच सीएलडीआर नावाच्या साठ्यात आहेत, ती जोडून घेतली तर मामांनाही मराठीत शोधता येईल. पण ते नंतर.

खरा घोळ जोडलेल्या हातांचा. लायब्ररी सांगते ‘फोल्डेड हँड्स’, दुसरं टोपणनाव ‘प्रे’. त्यावरून माल पाठवायचा की नाही, हे कसं ठरवणार? मामांना तोंडपाठ आहे. लातूरवाल्यांनी हात जोडले म्हणजे माल पोचला. विजापूरच्या व्यापाऱ्यानं जोडले म्हणजे भाव परवडला नाही, पुढच्या खेपेला बघू. पंढरपूरचे एक काका तर प्रत्येक मेसेजला हात जोडतात, भाव वाढवला तरी. हे नियम कोडमध्ये घालायचा मोह झाला, पण घातले नाहीत. गिऱ्हाईक नवं आलं की पुन्हा मामांनाच विचारावं लागणार. शीटमध्ये अंगठ्यापुढे ‘पक्की’ आपोआप पडतं, जोडलेल्या हातांपुढे ‘मामांना विचारा’.

एक गोष्ट राहिलीच. मेसेजवर बोट दाबून दिलेला अंगठा आमच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये आलेलाच नाही. तिथं शोधायला लायब्ररीच्या हातीच काही नाही. ती गिऱ्हाइकं वहीवर उतरवून काढलीत, उद्या फोन लावायचे आहेत. मामा म्हणतात, “तूच लाव, मला हिशेब आहे.”