स्पॅनिश लॉग, आठवडा ६: अजूनही आब्लारवरच

हो, ६ आठवडे झाले तरी मी एकाच क्रियापदावर आहे, आब्लार म्हणजे बोलणे. मागच्या वेळी रोज १० नवीन क्रियापदं असा सपाटा लावला होता आणि सगळ्याची नुसती खिचडी झाली, म्हणून यावेळी एकच धरायचं आणि सगळ्या काळांतून फिरवून आणायचं असं ठरवलं.

वर्तमानकाळ दोन दिवसात झाला. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. कर्ता गाळायची सवय आपल्याला आहेच, 'बोलतोस का?' मध्ये तू कुठे असतो? वर बोलतो-बोलते ही भानगड नाही, बाई असो बुवा असो, आब्लोच. आब्लाइस हे 'तुम्ही सगळे'वालं रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत तिथेही आब्लानच, त्यामुळे ते फक्त ओळखण्यापुरतं ठेवलंय.

खरी वाट लागली भूतकाळात. आब्ले, आब्लास्ते, आब्लो... आणि इथेच गोची, कारण 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो' आणि 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना ओ वर तिरकी रेघ असते म्हणून कळतं पण तोंडातून काढताना आपल्याला जोराची सवयच नाही ना! स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला तर 'काल ती बोलली'च्या जागी मी चक्क 'काल मी बोलतो' म्हणत होतो, तेही वीस वेळा, आत्मविश्वासाने 😅 आणि आब्लामोस तर दोन्ही काळात सेम, मागेपुढे आयेर (काल) वगैरे असेल तरच समजतं.

त्यात दुसरा भूतकाळ पण आहे, आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस. इंग्रजीतून समजावणारे व्हिडिओ बघून डोकं आऊट झालं होतं, मग एकदम ट्यूब पेटली की अरे हे तर आपलं 'बोलायचो'! आब्ले म्हणजे बोललो, विषय संपला. आब्लाबा म्हणजे बोलायचो किंवा बोलत होतो. तेव्हापासून वाक्य आधी मराठीत म्हणून बघतो, दहातली आठ तरी बरोबर येतात.

भविष्यकाळ फुकटात मिळाला. आख्खं आब्लार तसंच ठेवायचं आणि मागे शेपूट जोडायचं, आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस. ही शेपटं म्हणजे आबेर या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं झिजून चिकटलेली, हे कळल्यावर वेगळं पाठ करावंच लागलं नाही. 'बोललो असतो'च्या आसपासचं आब्लारीआ पण तसंच, फक्त शेपूट ईआ. मात्र 'र' विसरू नका, कोमेर म्हणजे खाणे घेतलं तर कोमीआ म्हणजे खायचो आणि कोमेरीआ म्हणजे खाल्लं असतं, एका अक्षरात अर्थ फिरतो.

आता सबजंक्टिव्हला (इच्छा, शंका वगैरे सांगताना वापरायचं क्रियापदाचं रूप) हात घातलाय. आब्लारसारख्या शेवटी आर असलेल्या क्रियापदांचा आ जाऊन ए येतो, आब्लेस, आब्ले, आब्लेन. 'किएरो के आब्लेस' म्हणजे 'तू बोलावंस असं मला वाटतं', म्हणजे इथे आपलं 'बोलावंस' कामाला येईलसं दिसतंय, पण 'किएरो के' नंतर जीभ अजून सवयीने आब्लासवरच जाते. कोणाकडे यावर काही ड्रिल असेल तर टाका.