94 नको, जाड भिंतीचे 92
टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) लावायचा ठरल्यावर माझ्या फोक्सवॅगन बीटल गाडीला 94 एमएम व्यासाचे सिलिंडर टाकायचे असंच डोक्यात होतं, 69 एमएमच्या स्ट्रोकवर (पिस्टनच्या धावेवर) सरळ 1915 सीसी मिळतात ना! पण एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनात बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की उष्णता वाढते, 94 सारखी भिंत पातळ असली की सिलिंडर गोल राहत नाही, पिस्टनच्या रिंगांवरून गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या पोटात) उतरतो, म्हणून शेवटी जाड भिंतीचे 92 घेतले, 1835 सीसी, चालतंय की. पिस्टन मात्र फोर्ज्डच, म्हणजे दाबून घडवलेले. त्यांना क्लिअरन्स (भिंतीपासूनची फट) जास्त लागतो त्यामुळे गार इंजिन जरा खडखडतं, बायकोला वाटतं बिघडलं. रिंग गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) दोनदा मोजला, तापून टोकं भिडली तर खेळ खल्लास. कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) टर्बोमुळे कमीच, साडेसात ठेवलंय; पोर्शेने 1975 च्या 930 टर्बोला तर 6.5 च दिलं होतं.