दुसऱ्या पद्मिनीतला गणपती

"दादा, जोर नका लावू, रिंगा तुटतील. तेल मुरू द्या." सातपूरच्या गॅरेजात मिस्त्रींनी माझा पान्याचा हातच धरला.

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी, बारा वर्षं शेडमध्ये उभी. पिस्टन जाम. चारही प्लग काढून भोकांत तेल सोडलं. आठवडाभर रोज थोडं तेल, थोडा हिसका. काल पंखा हाताने फिरला!

आज भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीचा कार्बोरेटर बसवला, पॉइंट घासले. १०८९ सीसीचं इंजिन दोनदा खोकलं, निळा धूर सोडला आणि लागलं. बाबा बोनेटवर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

पण ती दुसरी गाडी डोक्यातून जात नाही. डॅशबोर्डवर गणपती अजून चिकटलेला होता. कुणाच्या घरची असेल ती?