नवतपात तापलेली पश्चिमेची भिंत

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरला हौसेनं कोणी जात नाही. मी गेलो लग्नासाठी. लग्न थाटात झालं, सावजी रस्सा नाकाडोळ्यांतून निघाला. पण लिहायला बसलो ते बेसा भागातल्या एका अर्धवट घरामुळे.

त्याआधी हॉटेलचा राग काढतो. पश्चिमेचा अख्खा दर्शनी भाग काचेचा! दुपारभर जाड पडदे ओढलेले, आत दिवे लावलेले, एसी धापा टाकतोय. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश नोंदवलेल्या गावात मावळतीकडे काच लावणाऱ्याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी चारच्या उन्हात आतेभावानं त्याचं बांधकाम दाखवायला नेलं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हात टेकवेना. मिस्त्री म्हणाले, "आता आतून लावून पाहा जी." आत गेलो, पूर्ण तळवा टेकवला आणि तसाच उभा राहिलो. कोमट, बस्स. वर स्लॅब होता, पंखा नव्हता, तरी तिथं थांबावंसं वाटलं.

ही 'रॅट ट्रॅप' पद्धत. विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी सोडायची. पोकळीतल्या हवेमुळे उष्णता सावकाश आत येते, शिवाय विटा साधारण 25 टक्के कमी लागतात. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. मग इकडे का दिसत नाही? मिस्त्री म्हणाले, "वायरिंग आधी ठरवा लागते. मागून भिंत फोडता येत नाही, म्हणून ठेकेदार नाही म्हणतात." एवढ्यासाठी लोकांनी जन्मभर विजेचं बिल भरायचं!

विटा राखेच्या. राखेतली सिलिका चुन्याशी मिळून घट्ट होते, त्यामुळे वीट भट्टीत भाजावी लागत नाही, पाणी मारून पिकवतात. शेताची वरची माती वाचते, कोळसाही. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं उशाशी असताना राखेला काय तोटा? जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून गाळ शेतांत शिरला होता. ती राख भिंतीत गेलेली शंभरदा बरी.

निघताना वहिनींनी कैरीचं पन्हं दिलं आणि हळूच सांगितलं, त्यांना हॉलला पश्चिमेकडून मोठी काच हवी आहे. मी स्पष्ट नको म्हणालो. खिडकी लहान ठेवा, वर खोल छज्जा काढा, गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा. वहिनी गच्चीला लगेच तयार झाल्या. काचेवरून मात्र आतेभाऊ आणि वहिनी, दोघांचं अजून चालूच आहे.