उभ्या गाडीचं सामान

ट्रकच्या ॲक्सेसरीजचं दुकान लांबूनच ओळखू येतं ते लोंबणाऱ्या वस्तूंवरून. काळे गोंडे, रंगीत झिरमिळ्या, लाल डोळ्यांची राक्षसाची तोंडं, चकचकीत व्हीलकॅप, स्टिअरिंगची गवसणी, केबिनमधल्या देवासाठी लुकलुकणारी माळ. कळंबोली असो, वाशी असो की नाशिकजवळचं आडगाव, जिथे गाड्या रात्र काढतात तिथे ही दुकानं असतातच. या शृंगाराचं कौतुक पुष्कळ झालं. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली मनाई झाली, तरी ते तीन शब्द अजून रस्त्यावर भेटतात, इतका त्यांचा लळा.

पण गिऱ्हाईक आत शिरून खालच्या फळीकडे वाकलं, की समजावं हा जुना गडी आहे. तिथे धूळ खात पडलेलं सामान बहुतेक उभ्या गाडीचं असतं. चालत्या गाडीत निदान ड्रायव्हर जागा असतो. ती उभी राहिली आणि तो खाटेवर आडवा झाला की मग राखण या सामानाकडेच.

पहिला मान उटीचा. चाकाला लावायचा हा तिरका ठोकळा, लाकडी किंवा जड रबराचा. हँडब्रेक असताना उटी कशाला, असं नवख्याला वाटतं. कसारा किंवा खंबाटकी उतरून आलेल्या गाडीजवळ नुसतं उभं राहावं, जळक्या ब्रेक-लायनरचा वास येतो. तापलेला ब्रेकचा ड्रम फुगलेला असतो. त्याच अवस्थेत हँडब्रेक लावून ठेवला तर थंड होताना ड्रम आतल्या लायनरवर आवळत जातो. सकाळी चाक सुटत नाही, एखाद्या ड्रमला तडाही जातो. म्हणून सपाट जागा बघायची, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला पुढून-मागून उट्या लावायच्या आणि ड्रम निवल्यावरच हँडब्रेक लावायचा. घाट चढून आला असाल तर इंजिनही लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटं ते सावकाश चालू द्यावं. इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या टर्बोचा दांडा तेव्हा प्रचंड वेगात फिरत असतो आणि इंजिन बंद होताच त्याचं तेल थांबतं. उरलेलं तेल जागच्या जागी करपतं, आणि टर्बोचं बिल बघून मालकाची झोप उडते.

हात धुण्याआधी टॉमी घेऊन गाडीला एक फेरी मारायची. टॉमी म्हणजे जॅकबरोबरची लोखंडी दांडी. तिने प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा. भरलेल्या टायरवरून टॉमी उसळते आणि आवाज टणक येतो. हवा कमी असेल तर ती 'भद्' करून बसते. हे अडाण्याचं काम नाही, जोडचाकांवरचा तो एकच सोपा उपाय आहे. मागच्या जोडीतलं आतलं टायर डोळ्यांना नीट दिसत नाही. ते बसलं तरी बाहेरचं टायर भार उचलतं, त्यामुळे गाडी झुकत नाही आणि स्टिअरिंगलाही काही कळत नाही. एकट्यावर दोघांचं वजन आलं की टायर तापतं आणि पुढे कुठेतरी उन्हाच्या वेळी फुटतं. लोक म्हणतात, टायर खराब निघालं. खराब निघालेलं असतं ते शेजारचं. याच फेरीत दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगडही काढायचा. तो आतून टायर कापत राहतो, आणि सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो. हवा मात्र या वेळी सोडायची नाही. गरम टायरला काटा दहा-पंधरा पौंड जास्त दाखवणारच. कोणी हुशारी करून ती 'बरोबर' करून ठेवतो आणि सकाळी थंड टायर कमी हवेवर निघतं.

सगळ्यात जास्त घोटाळे बॅटरीपाशी. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. टेप आणि मोबाइलचा चार्जर यांना हवे असतात १२ व्होल्ट. मग कोणीतरी एकाच बॅटरीवरून वायर ओढून देतो. टेप वाजतो, सगळे खूश. पण ती बॅटरी रोज रात्री जोडीदारणीपेक्षा जास्त उतरते. बॅटऱ्या चार्ज करणारा आल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो, कोण किती उतरली हे त्याला कळत नाही. उतरलेली कधीच पुरी भरत नाही, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवत राहते. काही महिन्यांत दोघी बसतात. मग पैसे वाचवायला एकच नवी घेतात, म्हणजे नवी-जुनी अशी विजोड जोडी, आणि तेच दुखणं पुन्हा सुरू. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर याच दुकानात मिळतो. दहा अँपिअरचा साध्या टेपला आणि चार्जरला पुरतो. त्याचा फ्यूज टेपपाशी नाही, बॅटरीपाशी बसवायचा. मधली वायर चॅसीला घासून सोलली तर जळायची ती तिथेच.

प्रेशर हॉर्नचाही संबंध उभ्या गाडीशी आहे. अनेक सुरांचे हॉर्न कायद्याने चालत नाहीत, कानांनाही चालत नाहीत, तरी विकले जातात. फिटर घाईत असला की ब्रेकसाठीच्या हवेच्या टाकीला सरळ टी-जॉइंट मारून पाइप वर नेतो. वास्तविक ब्रेकची हवा सुरक्षित ठेवणारा चार सर्किटांचा व्हॉल्व्ह गाडीत असतो, आणि वरकड सामानाला हवा घ्यायची ती ब्रेकच्या सर्किटांना हात न लावता, त्यासाठी ठेवलेल्या तोंडावरूनच. टाकीवरचा जॉइंट हळूच गळतो. रात्री आठ बारवर असलेला काटा सकाळी खाली बसलेला. स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असल्याने गाडी घरंगळत नाही, उलट हवा गेली की तो घट्टच बसतो, पण गाडी हलवायला हवा भरेपर्यंत थांबावं लागतं. जॉइंटवर साबणाचा फेस लावला की गळती बुडबुड्यांनी स्वतःच सांगते. हवेच्या टाकीखालची कडी रोज ओढावी. पाणी आलं तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय, काळं तेल आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात.

रिफ्लेक्टरची पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. ती चिकटत नाही ही तक्रार खरी नाही. फळका थिनरने पुसून वाळवला नाही आणि रिव्हेटच्या डोक्यांवरून पट्टी तशीच ताणली, की पहिल्या पावसात ती सुटते. रिव्हेटपाशी कापून तुकडे लावावेत. आणि चिकटवून झाली की पुसावीही लागते. पावसाळ्यात चिखल उडून मागची पट्टी आणि टेललाइट एकाच रंगाचे होतात. गाळप हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला ही पट्टी नसली की काय होतं ते समजावून सांगावं लागत नाही. उसाची ट्रॉली दिसते ती जवळ आल्यावरच.

रस्त्यातच गाडी बसली तर परावर्तक त्रिकोण ठेवायचा, पण कुठे? बहुतेक जण दहा पावलांवर ठेवून मोकळे होतात. ८० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर सरकते. ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोणसुद्धा तिला जेमतेम सव्वादोन सेकंद देतो. वळण किंवा चढाचा माथा असेल तर तो येणाऱ्या गाडीच्या बाजूने त्याच्याही अलीकडे न्यायला हवा. त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि दगड मांडायची जुनी रीत आहे. फांदीला नाव ठेवणार नाही, पण गाडी सुरू झाली की दगड तिथेच टाकून जातात, हे अक्षम्य.

आता ढाबा. मोटारवाले ढाबा चवीवरून निवडतात, ट्रकवाले मैदानावरून. धुळे-जळगावकडची शेवभाजी कितीही झणझणीत असली तरी समोर काळी माती असेल तर पावसाळ्यात तिथे गाडी घालायची नाही. दहा चाकी गाडी भरल्यावर साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जाते, जेवण होईपर्यंत चाकं रुततात. मुरूम टाकून रोलर फिरवलेला हवा, आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी हवी, म्हणजे ट्रेलर मागे घ्यावा लागत नाही. वर लोंबत्या तारा नकोत. अंघोळीला हौद हवा, आणि रात्रभर जागा असलेला कोणीतरी हवा. गाडी लावताना डिझेलच्या टाकीची बाजू भिंतीला किंवा शेजारच्या गाडीला लागून ठेवायची. टाकीच्या तोंडात जाळी बसवली तर डिझेलचोराचा पाइप आत शिरत नाही. दोन ताडपत्र्या असतील तर कौलांसारखी पुढचीची कड मागचीच्या वर यावी. उलट घातली तर वारा आत शिरून ती फाडतो.

ढाब्याशेजारच्या टपरीवर हल्ली डीईएफच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रावणाच्या, २० लिटरच्या बादल्या रचलेल्या असतात. ड्रायव्हर त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर मोठ्या गाड्यांना तो लागतो, डिझेलच्या साधारण तीन ते पाच टक्के. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी असतं. शेतातला युरिया नळाच्या पाण्यात ढवळून स्वस्तात विकणारे आहेत. त्याने नोझलवर पांढरे खडे जमतात, सेन्सर बोंबलतो आणि गाडीची ताकद कमी होते, बहुधा चढावरच. सील तपासावं, आणि दुपारभर उन्हात तापलेली बादली घेऊ नये.

झोपेचं सामान मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत विलीन झालेल्या १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराला दिवसाला आठच तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिलेली होती. कागदावर. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ते बरं झालं. पण इंजिन बंद केलं की तोही बंद, आणि रात्रभर इंजिन चालू ठेवून डिझेल जाळणं कोणाला परवडतं? म्हणून २४ व्होल्टचा छोटा पंखा आणि मच्छरदाणी यांची विक्री काही थांबलेली नाही.

सकाळी निघताना क्रम चुकवू नये. इंजिन चालू करून हवेचा काटा वर येऊ द्यायचा, हँडब्रेक लागलेला असतानाच उट्या काढून आत ठेवायच्या, मग ब्रेक सोडायचा. घाईत उट्या तिथेच राहतात, प्रत्येक ढाब्यावर विसरलेल्या दोन-चार सापडतील. उटीला भोक पाडून दारापर्यंत पोचेल एवढी साखळी घालावी आणि तिचा हूक दाराच्या मुठीला अडकवावा. दार उघडताना तो हाताला लागतोच.