भिंत पाडायची होती, नक्कल मागत बसले

कोथरूडमधली आमची इमारत १९८६ ची, तळमजला अधिक तीन मजले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर आठ बाय नऊचं, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की तोंड भिंतीकडे. हॉलमध्ये सगळे खो-खो हसतायत आणि आपण पोळी तव्यावर टाकून आतून ओरडतोय, "काय झालं? काय झालं?" हे मी एकोणीस वर्षं केलं. शेवटी कडप्प्याचा ओटा बदलायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, हॉलकडची भिंतच काढून टाकू या.

सासूबाई म्हणाल्या, "फोडणीचा ठसका थेट सोफ्यावर. आणि आल्यागेल्याला खरकटी भांडी दिसणार ती वेगळीच." नवरा म्हणाला, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो असतं, त्यामुळे मी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर दोन-चारदा ठोकलं आणि कान लावला. "पार्टिशन आहे वहिनी, साडेचार इंची. एका दिवसात मोकळं करून देतो." दाराच्या चौकटीपाशी टेप लावली तर गिलाव्यासकट जेमतेम सहा इंच भरत होती. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतींत भार घेणारी भिंत नऊ इंची किंवा त्याहून जाड असते, आमची इमारत कॉलम-बीमची, भार काँक्रीटच्या खांबांवर आणि आडव्या तुळयांवर, म्हणजे प्रश्नच मिटला असं मला वाटलं. फरश्या आणल्या, गॅलरीत रचून ठेवल्या. जानेवारी महिना होता.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये असा बदल करायचा तर कमिटीची आधी लेखी परवानगी लागते. मी अर्ज दिला. सेक्रेटरी काका माणूस सज्जन, पण कागदाशिवाय श्वासही न घेणारे. म्हणाले, "इंजिनीअरचं पत्र आणा, आणि त्याच्यासोबत मूळ मंजूर नकाशा. महापालिकेतून प्रमाणित नक्कल मिळते." चूक माझी एवढीच की मी त्यांचं वाक्य उलट्या क्रमाने ऐकलं. आधी नक्कल, मग इंजिनीअर. साडेतीन महिने त्यातच गेले.

कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "फाइल नंबर काय?" मी म्हटलं, माहीत नाही, त्यासाठीच आले. "नंबर सांगा, म्हणजे फाइल शोधता येईल." "पण नंबर फाइलवरच असेल ना?" त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुसऱ्या खेपेला सोसायटीचं नाव आणि सिटी सर्व्हे नंबर नेला. अभिलेख कक्षातल्या गृहस्थांनी रजिस्टर चाळलं, "या नावाचं काही नाही." तिसऱ्या खेपेला दुसरे गृहस्थ होते, त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं आणि अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प नाही म्हणून अर्ज परत दिला. स्टॅम्पवाला समोरच्या झाडाखाली बसतो आणि दुपारी जेवायला जातो, हे तिथे कोणी सांगत नाही. मी सांगते.

चौथ्या खेपेला रांगेतल्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टनी माझी अक्कल ठिकाणावर आणली. "ताई, १९८६ साली तुमची सोसायटी होती का? परवानगी मागितली जमिनीच्या मालकाने. फाइल त्याच्या नावावर असणार, आणि तेव्हाच्या सर्व्हे नंबरवर." हे सगळं माझ्याच घरात होतं! आमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा, पण पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेल्या कराराची झेरॉक्स कर्जाच्या फाइलमध्ये पडून होती. मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख, सगळं त्यात. महापालिकेत पाऊल टाकायच्या आधी पहिला करार शेवटच्या पानापर्यंत वाचा. जोडपत्रांसकट.

पाचव्या खेपेला सगळे नंबर दिले. "शोधून कळवतो." महिना गेला तरी कळवलं नाही. फोन केला की तो कोणी उचलायचं नाही, किंवा उचलून बाजूला ठेवायचं, मला मागचा पंखा ऐकू यायचा. मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. त्या अर्जात मी रागाने हेही विचारलं की माझ्या आधीच्या अर्जाचं काय झालं आणि तो कोणाच्या टेबलावर आहे. अर्ज परत! आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत अशी अट आहे. नकाशा हा एक विषय, माझा राग हा दुसरा. दोन वेगळे अर्ज केले. नकाशाच्या अर्जाला एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, पैसे भरून प्रत घेऊन जा. एकोणतिसाव्या! म्हणजे फाइल सापडत होती तर.

प्रत म्हणजे जुन्या अमोनिया प्रिंटची झेरॉक्स, अर्धी काळी. तरी मला इतका आनंद झाला की रिक्षातच उलगडून बघितली. आमचं स्वयंपाकघर, हॉल, दारं, खिडक्या, संडासाची जागा, सगळं होतं. घरी न जाता थेट सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, नकाशा दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "यात कॉलम-बीम कुठे आहेत?"

नव्हते. मंजूर नकाशा आर्किटेक्टचा असतो. खोल्या केवढ्या, समोर-मागे जागा किती सोडली, ते त्यात. लोखंड कुठे, बीम कुठून कुठे, हे आरसीसीच्या वेगळ्या ड्रॉइंगमध्ये, आणि आमच्या फाइलमध्ये ते नव्हतंच. बिल्डरचं ऑफिस होतं तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. "मग असं करू," काका म्हणाले, "सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे, तेव्हा विषय ठेवू." एप्रिल संपत आला होता. मी जिना चढताना इतकी पाय आपटत गेले की तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, काय गं, लिफ्ट बसवतायत का?

वार्षिक सभेची गरज नव्हतीच. फ्लॅटमधल्या बदलाला परवानगी कमिटीने द्यायची असते, सभेने नाही. ते मला नंतर उपविधी वाचून कळलं. पुस्तिका सोसायटीकडेच मिळते, आधी मागून घ्या.

मे महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने स्ट्रक्चरल इंजिनीअर सुचवले. फोनवर त्यांचा पहिलाच प्रश्न, "सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं?" म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. मला काय माहीत. ते म्हणाले, "पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, तीसच्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवाल असेल तर बघा, त्यात आराखडा जोडलेला असू शकतो." खाली गेले. काका म्हणाले, "हो, झालंय ना. कपाटात आहे." गणपतीच्या आरासीच्या खोक्याखालून जाड फाइल निघाली. चौदाव्या पानावर प्रत्येक मजल्याचे कॉलम आणि बीम, नंबर घालून, स्वच्छ रेखाटलेले. मी काहीच बोलले नाही. काका म्हणाले, "अरे वा!"

शनिवारी सकाळी इंजिनीअर आले. साडेचार हजार घेतले आणि चाळीस मिनिटांत काम केलं. भिंतीच्या माथ्याशी, छताला लागून, वितभर गिलावा छिन्नीने काढायला लावला. खालून काँक्रीट दिसलं, म्हणजे बीम होता, अहवालात दाखवला होता तिथेच. शोकेस सरकवायला लावली, तर कोपऱ्यात कॉलम, एकोणीस वर्षं आम्ही त्याला भिंतीचं जाडसर टोक समजत होतो. वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन भिंती त्याच रेषेत आहेत का तेही पाहून आले. ठोकून आवाज ऐकण्याबद्दल विचारलं तर हसले. गिलावा सुटलेला असला तरी भिंत पोकळ वाजते, त्यावरून भार आहे की नाही हे ठरत नाही म्हणाले.

मग त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "हा माळा कशावर उभाय?"

स्वयंपाकघरातला दोन फुटी काँक्रीटचा माळा. पुण्यातल्या आमच्या वयाच्या घरांत असतोच, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याची स्लॅब त्याच भिंतीतून बाहेर काढलेली. खालची वीट तिला पेलते, वरची वीट तिला मागून दाबून धरते. भिंत काढली तर इमारत पडणार नव्हती. माळा पडला असता, आणि त्याच्या खाली पहार घेऊन मिस्त्री उभे असते. 'एका दिवसात मोकळं' आठवलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

शिवाय ते म्हणाले की कॉलमांच्या मधली वीट भार घेत नसली तरी भूकंपात इमारतीला आडवा ताठरपणा देते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादला पार्किंगसाठी खाली भिंतीच न बांधलेल्या कितीतरी इमारती बसल्या. आमची एक छोटी भिंत म्हणजे तसं नव्हे, आणि आमच्या तळमजल्यावर घरंच आहेत, तरी सगळ्या मजल्यांवर सगळ्यांनी हौस करायची नसते, एवढं मात्र ठासून सांगितलं.

आता दोनच वाटा उरल्या: आधी माळा तोडून मग पूर्ण भिंत काढायची, नाहीतर माळा ठेवून त्याच्या खाली खिडकीएवढी जागा उघडायची. माळ्यावर सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब, पुरणयंत्र, लग्नकार्याची पातेली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदा माळ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खिडकीतून बोललेलं ऐकू येतं." मला राग यायला हवा होता, पण तोवर मला त्या माळ्याची भीती वाटायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर बंबाबद्दल थोडी मायाही.

साडेतीन फूट रुंद, तीन फूट उंच खिडकी ठरली. इंजिनीअरनी लेटरहेडवर पत्र आणि हाताने काढलेलं रेखाटन दिलं. कमिटीची परवानगी सहा दिवसांत आली, अनामत रक्कम भरून. नकाशाची नक्कल कोणी मागितलीसुद्धा नाही.

काम करताना क्रम सोडू नका: आधी माळ्याला टेकू, मग वर लिंटल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची आडवी काँक्रीटची पट्टी, मग खालच्या विटा. आमचं लिंटल जागेवर ओतलं, टेकू चौदा दिवस ठेवले. मिस्त्री सातव्या दिवसापासून "काढू का?" विचारत होते. विटा छिन्नीने काढायच्या, ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही. त्या भिंतीतून वायरी जात होत्या, त्या आधी वळवून घेतल्या. गॅसची पाइपही तिथूनच होती, ती आपल्या प्लंबरला हात लावू देऊ नका, गॅस कंपनीचाच माणूस लागतो आणि त्याची तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून तो अर्ज पहिल्या दिवशी करा. राडारोड्याच्या बत्तीस गोण्या निघाल्या, एवढ्याशा खिडकीच्या आणि जुन्या ओट्याच्या. त्या रात्री कोपऱ्यावर टाकायच्या नसतात, उचलणाऱ्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

ठसक्याबाबतीत आईंचं बरोबर निघालं. मिरचीची फोडणी असली की हॉलमधले खोकतात. पण "काय झालं" विचारावं लागत नाही.

त्या दुसऱ्या, रागाच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पावती ठेवली आहे, माळ्यावर, बंबात.